याडीने बांधलेली माशी

माशा मारत बसणारा माणूस आळशीच असतो, असं तुम्हीही समजता का? काल हे पत्रक लिहिताना ओल्या शाईवर छपरासारखे पंख मिटून एक तपकिरी किडा बसला आणि मला आमच्या तांड्याखालचा पूस नदीचा डोह आठवला.

साल छप्पन्नच्या आसपासचं. विहीर खोदताना उरलेला सुरुंगाचा तोटा किसनकाका मासे मारायला डोहात टाकणार होता. एका दणक्यात डोह रिकामा झाला असता, पिल्लांसकट.

माझी याडी, म्हणजे आई, त्याला म्हणाली, "दिवस बुडेपर्यंत थांबा भाऊजी. मी गळानं मासा काढला, तं तोटा टाकाचा नाही."

मग काठावर बसून ती घागऱ्याच्या भरतकामाच्या दोऱ्याने कोंबडीचं तपकिरी पीस गळावर बांधू लागली.

"वयनी, माशा मारून राह्यली काय?" काका हसला.

"मारून नाही, बांधून राह्यली."

बुडू नये म्हणून तिने ती पिसाची माशी केसांच्या तेलात माखली आणि पाण्यावर सोडली. खऱ्या किड्यांच्या थव्यात ती डुलत राहिली. अचानक पाणी फुटलं, दोरी ताणली गेली आणि काकाच धोतरासकट पाण्यात धावला. चंदेरी मासा छातीशी धरून म्हणाला, "मलेही एक बांधून दे."

तेव्हा मला फक्त कालवण दिसत होतं. आज कळतं, कसलंही भाषण न देता याडीने अख्खा डोह वाचवला.

तुमच्या गावात कोणी तोटा घेऊन नदीकडे निघाला, तर त्याला एक संध्याकाळ थांबवा आणि त्याच्या हाती गळ द्या.