मधल्याला काय वाटायचं

बाबांच्या पट्ट्याखाली मधलादादा कधीच रडला नाही. थोरला पहिल्याच फटक्याला सगळी गल्ली गोळा करायचा. मधला मात्र भिंतीला हात टेकून मुकाट उभा राहायचा आणि बाबा दमून थांबले की विचारायचा, "झालं? आता जेवू का?"

नागपुरात जरीपटक्याच्या बाजारामागे आमच्या दोन खोल्या होत्या. दोघे भाऊ मिळून हातगाडीवरची संत्री पळवायचे. पण गाडीवाला म्हातारा रडकुंडीला आला की थोरला हळूच जाऊन संत्री परत ठेवायचा. मधल्याला म्हाताऱ्याचा चेहरा जणू दिसायचाच नाही. "त्यात काय झालं?" हे त्याचं ठरलेलं वाक्य. पुढे थोरला शाळामास्तर झाला, तोही कडक शिस्तीचा!

तरी घरात सगळ्यांचा लाडका मधलाच. नकला अशा करायचा की बाबाही मिशीत हसायचे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पिवळ्या मारबतीच्या पुतळ्याची मिरवणूक पाहायला मला खांद्यावर घेऊन गर्दीत थेट पुढे घुसायचा. मला वाटायचं, याच्यासारखा भाऊ अख्ख्या नागपुरात कोणाला नसेल.

मी आठ वर्षांची असताना आम्ही खाप्याला मामाकडे गेलो होतो. कन्हान नदीच्या काठावर पाय घसरून मी डोहात गेले. मधल्यानेच मला बाहेर काढलं. मामीने त्याची दृष्ट काढली, त्याला पाटावर बसवून शिरा खाऊ घातला. दुसऱ्या दिवशी तो मला सहज म्हणाला, "मी तिथंच उभा होतो वं चिमे. मले पाहाचं होतं, तू किती वेळ दम धरते."

हे मी कोणाला सांगितलं नाही. त्याने काढलं, तेवढंच लक्षात ठेवलं.

सातवीत असताना त्याने एका मुलाला शाळेच्या कपाटात कोंडलं आणि बाहेर बसून डबा खाल्ला. संध्याकाळी चित्रकलेचे गुरुजी घरी आले. म्हणाले, "पोरगा हुशार आहे. पण मारून काही होऊन नाही राहिलं. मनाच्या डॉक्टरले एकदा दाखवा."

"माझा पोरगा पागल आहे काय?" बाबा ताडकन उठले. गुरुजी चहा न घेताच गेले. आई दारात उभी होती. तिला काहीतरी विचारायचं होतं, पण पट्टा आधीच खुंटीवरून निघाला होता.

तेविसाव्या वर्षी सिनेमाच्या तिकिटांच्या रांगेत कुणीतरी त्याला ढकललं. मधल्याने चाकू काढला. तो माणूस शिंपी होता, त्याचा उजवा हात कायमचा गेला. आई त्याच्या घरी जाऊन आली. "त्याच्या बायकोनं मले पाणी देल्लं," एवढंच ती सांगू शकली. त्या दिवसापासून तिने अंथरूण धरलं.

तुरुंगात मग मीच भेटायला जाऊ लागले. आई आजारी आहे म्हटल्यावर त्याने विचारलं, "मग हे लाडू कोणी केले?"

मला राहवलं नाही. "दादा, त्या माणसाचा हात गेला. तुले काहीच नाही वाटत?"

तो चिडेल असं वाटलं होतं. पण जाळीला कपाळ टेकून तो खरंच विचारात पडला. "तुम्हाले कसं वाटते वं? सांग बरं."

मी सांगू लागले. छातीत काहीतरी अडकून राहतं, घास उतरत नाही, त्या माणसाचा चेहरा डोळ्यांपुढून हलत नाही. तो मन लावून ऐकत होता. शाळेत त्याने कधी कोणाचं असं ऐकलं नसेल.

"रोज होते असं?"

"रोज."

"मग तुम्ही लोकं जगता कसे?" त्याने विचारलं. त्याच्या आवाजात टिंगल नव्हती, माझ्याविषयी काळजी होती.

तेवढ्यात शिपायाने वेळ संपल्याचं सांगितलं. सुटल्यावर तो आमच्याकडे कधी फिरकला नाही.