पितळी पट्टीखालचा नंबर

वहिनी सकाळी नवाच्या आत कधी फोन करत नाहीत. त्या दिवशी पावणेसातलाच त्यांचा फोन आला तेव्हा मी समजले. "सुमन, हे गेले गं... झोपेतच," एवढंच त्या म्हणाल्या. मनूदादा माझा चुलतभाऊ, नव्वदीला टेकलेला. मी इंदूरहून ग्वाल्हेरला पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. रडू आलंच, नाही कशाला म्हणू? पण या दीड महिन्यात त्याची आठवण आली की डोळ्यांसमोर म्हातारा मनूदादा येतच नाही. येतो तो बावीस वर्षांचा, खासगी बाजारातल्या आमच्या घराचा जिना तीन-तीन पायऱ्या टाकत चढणारा आणि धापा टाकत सांगणारा, "सुमे, पडावला एक मास्तर उतरले आहेत. त्यांच्याजवळ इलेक्ट्रिक गिटार आहे. बेचून राहिले आहेत." मी तेव्हा सतरा वर्षांची होते, आणि इलेक्ट्रिक गिटार आमच्यापैकी कुणीही कागदाबाहेर पाहिलेली नव्हती.

कागदावर मात्र दादाने ती पाठ केली होती. कलकत्त्याच्या एका दुकानाकडून त्याने टपालाने सूचिपत्र मागवलं होतं. त्यातलं एक पान त्याच्या पलंगाशी भिंतीवर चिकटवलेलं असायचं. मांडीवर आडवी ठेवून, पोलादी कांडी तारांवरून सरकवत वाजवायची ती गिटार. पानावर तिची दोन मॉडेलं होती, मोठं आणि लहान. मोठ्याचं तारांचा सूर टिपणारं चुंबक रुंद, तारांवर घोड्याच्या नालेसारखं वाकलेलं, लहानाचं अरुंद. आणि मोठ्याच्या नंबराआधी इंग्रजी 'के' अक्षर ठोकलेलं असे, लहानाच्या नंबराआधी काहीच नसे. दादा स्वतः दोन वर्षं एका मित्राच्या साध्या लाकडी गिटारवर हात बसवत होता. घरात आम्ही त्याला 'कण्हणारं यंत्र' म्हणायचो. यात माझा आवाज सगळ्यांत मोठा असे.

दिवस मोठे उलथापालथीचे होते. संस्थान विलीन झालं, मध्य भारत झाला, आता तोही मोडून नवा मध्य प्रदेश झाला आणि ग्वाल्हेरच्या कचेऱ्या पेट्या बांधून भोपाळला निघाल्या. दादा सचिवालयात कारकून होता, त्याचंही नाव भोपाळच्या यादीत लागलं होतं. पडावला, स्टेशनाजवळच्या हॉटेलात उतरलेले फर्नांडिस मास्तर म्हणजे संस्थानच्या नाचगाण्याच्या बँडमधले ट्रंपेटवाले. बँड मोडला तेव्हा काही वाद्यं वादकांनाच देऊन टाकली होती, त्यात ही गिटार त्यांच्या वाट्याला आली होती. त्यांना कलकत्त्याच्या एका हॉटेलात काम मिळालं होतं. तिथे गिटारवालाही हवा होता, पण स्वतःची गिटार असलेला. त्यांनी मित्राच्या गिटारवर दादाचा हात ऐकला आणि सांगून टाकलं, "बड़ा मॉडल है बेटा. यह ले लो और मेरे साथ चलो." गाडी दुसऱ्या दिवशी दुपारी होती.

आता प्रश्न नानांचा. नाना म्हणजे दादाचे वडील, माझे काका. संस्थानच्या सामानाच्या कोठारावर त्यांनी उभी हयात कारकुनी केली होती. खुर्ची, झुंबर, ढोल, काहीही कोठारात आलं की नाना त्यावर नंबराची पितळी पट्टी स्वतःच्या हाताने स्क्रूने बसवत. दादाचं सगळं ऐकून ते रागावले नाहीत. थोडा वेळ पानाचा डबा उघडझाप करत बसले आणि म्हणाले, "मी उद्या येतो. वस्तू मास्तर म्हणतात तीच निघाली तर जा कलकत्त्याला, मी आडवा येणार नाही. पण दुसरीच निघाली तर मुकाट्याने भोपाळ. सामानाबद्दल खोटं बोलणारा माणूस नोकरीबद्दल पण खोटं बोलेल." दादा एका क्षणात कबूल झाला. मला वाटतं, त्या रात्री घरात फक्त नानांनाच झोप लागली असेल.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं टांग्याने पडावला गेलो. मी का, तर सूचिपत्राचं पान माझ्या हातात होतं आणि माझं इंग्रजी दादापेक्षा बरं होतं. हॉटेलच्या खोलीत मास्तरांनी पेटी उघडली. आत ती... काळीभोर, चकचकीत, लेकरासारखी मखमलीत निजलेली. त्याने आधी हातच लावला नाही, नुसता वाकून पाहत राहिला. मग खिशातून इंचाइंचावर गाठी मारलेला दोरीचा तुकडा काढला, चुंबकाची रुंदी मोजली आणि पानावर लिहिलेल्या मापाशी ताडून पाहिली. "सुमे, बघ. रुंद आहे. बिलकुल रुंद आहे." बटणं दोन, पानात दोन. खुंट्या सहा, पानात सहा. मी मान डोलावत होते आणि मनातल्या मनात कलकत्त्याला पोचलेसुद्धा होते. राहिला होता फक्त नंबर. दादाने गिटार उलटी केली, तर खुंट्यांच्या मागे, जिथे नंबर असायला हवा तिथे, चार स्क्रूंनी बसवलेली एक पितळी पट्टी होती. मास्तर म्हणाले, "यही तो है मॉडल नंबर." नाना चष्मा लावून पुढे झाले. पट्टीवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "हा मॉडेलचा नंबर नाही. हा माझा नंबर आहे."

म्हणजे कारखान्याचा नंबर पट्टीखाली होता. मास्तरांनी लगेच स्क्रू काढायचं हत्यार पुढे केलं, पण नाना मागे सरले. वरिष्ठांच्या लेखी परवानगीशिवाय पट्टी काढायची नाही, असा कोठाराचा नियम होता. दादा काकुळतीला आला. "नाना, अहो कोठार कुठे राहिलं आता? वरिष्ठ कुठे राहिले?" नानांनाही ते कळत होतंच. त्यांनी माझ्याकडून कागद मागून घेतला, मोडीत चार ओळींचा अर्ज लिहिला आणि खाली सही केली. कागद उलटा केला, 'मंजूर' लिहून पुन्हा स्वतःचीच सही केली, घडी घालून खिशात ठेवला आणि हत्यार हातात घेतलं. आज मला हसू येतं. त्या वेळी मात्र आमच्यापैकी कुणीच हसलं नव्हतं.

पट्टी निघाली. खाली चार आकडे होते, स्वच्छ ठोकलेले. आधी अक्षर नव्हतं. नानांना इंग्रजी येत नव्हतं, मास्तरांना सूचिपत्र ठाऊक नव्हतं. खोलीत ही गोष्ट फक्त दोघांना कळली होती, मला आणि दादाला. मी हळूच पानाची घडी घालायला लागले. दादा नुसता हो म्हणाला असता तर संध्याकाळी कलकत्त्याच्या वाटेवर असता. माझ्याकडे बघून तो म्हणाला, "घडी नको घालूस, सुमे." मग वडिलांकडे वळून म्हणाला, "नाना, हे लहान मॉडेल आहे." चुंबक रुंद आहे, मोठ्याचंच आहे, हे मी सांगून पाहिलं, पण आमचं घर कारकुनाचं. तिथे डोळ्यांना दिसतं ते खोटं असू शकतं, नंबर खोटा नसतो. मास्तर बिचारे शपथा घेत होते, मला जे सांगितलं तेच मी सांगितलं म्हणत होते, आणि ते खरंच असणार. गाडीची वेळ होत आली होती. शेवटी त्यांनी लहान मॉडेलच्या भावाला गिटार द्यायची तयारी दाखवली. दादा घेईना. तेव्हा नाना उठले. "भोपाळला वीज आहे ना?" त्यांनी विचारलं. दादाने मान डोलावली. "मग घे की." आणि गिटारबरोबरची आवाजाची जड पेटी नानांनी स्वतः उचलून टांग्यात ठेवली.

दादा भोपाळला गेला. कारकुनाचा अधिकारी झाला, लग्न झालं, निवृत्त होऊन परत ग्वाल्हेरला आला आणि हरिशंकरपुरमला राहिला. दिवसा फायली, संध्याकाळी गिटार. गणेशोत्सवात वाजवली, बारशाला वाजवली, आमच्या सगळ्यांच्या लग्नांत वाजवली. माझा मात्र त्या नंबरावरचा राग कधी गेला नाही. एवढा हात असलेला माणूस आयुष्यभर फायलींवर शिक्के मारत बसला, याचं मला फार वाईट वाटायचं. त्याला तसं म्हटलं की तो विषय बदलायचा.

तो जाण्याच्या महिनाभर आधी त्याचा फोन आला. त्याच्या नातीने, ऋचाने, गिटारचे फोटो परदेशातल्या एका जाणकाराला पाठवले होते आणि त्याचं उत्तर आलं होतं. "सुमे, बसली आहेस ना? ते अक्षर कंपनीने मागाहून सुरू केलं. आधीच्या मोठ्या मॉडेलांना अक्षरच नव्हतं. चुंबक पाहून ओळखायचं असतं म्हणे. अगं, ती मोठीच आहे. मोठीच होती." कलकत्ता, ते हॉटेल, न जगलेलं सगळं आयुष्य एकदम समोर आलं आणि मी रागाने म्हटलं, "दादा, म्हणजे तू जायला हवा होतास." पलीकडे तो लहान मुलासारखा हसत होता. "ते सोड गं. तुला कळून राहिलंय का? इतकी वर्षं मी तीच वाजवत होतो."

मग म्हणाला, "थांब, ऐक आता. मोठ्या मॉडेलवर." फोन कुठेतरी टेकवल्याचा आवाज आला, यंत्राची घरघर आली आणि खालच्या सुरावरून वरपर्यंत एक लांबच लांब मींड आली, थरथरत्या हाताची, पण सूर न सोडणारी. तीच, जी मी भोपाळच्या क्वार्टरमध्ये, माझ्या लग्नात, हरिशंकरपुरमच्या त्या खोलीत शेकडो वेळा ऐकली होती. ती गिटार आजही तिथे त्याच्या दिवाणावर आहे. वहिनी रोज तिच्यावरची धूळ पुसतात. दादाने फोन पुन्हा कानाला लावला. धाप लागली होती त्याला.

"कळला फरक?"

फरक काडीचाही नव्हता.

"कळला," मी म्हटलं.