रेघेची पुढची कड

व्हर्जिल लायकर नऊ वर्षं व्यावसायिक अमेरिकन फुटबॉल खेळला. त्या नऊ वर्षांत टीव्हीवर त्याचं नाव दोनदा घेतलं गेलं आणि दोन्ही वेळा चेंडू चुकला होता. काम एकच. वाकायचं आणि दोन पायांमधून चेंडू मागे, पंधरा यार्डांवर किक मारायला उभ्या असलेल्याच्या हातात फेकायचा. तो बरोबर पोचला, तर फेकणाऱ्याकडे कुणी बघत नाही. व्हर्जिलला ते आवडायचं.

बत्तिसाव्या वर्षी गुडघे गेले, तेव्हा तो कॅन्ससमध्ये आमच्या सेंट अँटन गावी परतला. रोझेलाशी लग्न केलं आणि गारपीट विम्याचा पाहणीदार झाला. गारा पडल्या की गव्हात उतरून मोडलेल्या काड्या मोजायच्या. त्याच्या मोजणीवर सहसा कुणी वाद घातला नाही.

शुक्रवारी संध्याकाळी तो शाळेच्या मैदानावर असे, अडतीस वर्षं. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं असतं, नाही तर चेंडू समोरच्या संघाला जातो. ते दहा यार्ड दाखवणारी साखळी दोन टोकांच्या काठ्यांनी मैदानाच्या कडेला ताणून धरतात. एक काठी व्हर्जिलची. गेल्या हंगामात एक धावणारा खेळाडू कडेबाहेर थेट त्याच्या अंगावर आला आणि व्हर्जिलच्या दोन बरगड्या मोडल्या.

यंदा ऑगस्टमध्ये शाळेची क्रीडाप्रमुख केंड्रा फॅनेनस्टील घरी आली. हातात शाळेच्या रंगाची घोंगडी होती, तिच्यावर त्याचं नाव विणलेलं.

"मिस्टर लायकर, काठी आता दुसऱ्याला द्या. पहिल्या रांगेतली मधली खुर्ची तुमची. कायमची."

"तिथे बसून काय करू?"

"सामना बघा."

"अडतीस वर्षांत मी एकही सामना बघितला नाही, पोरी. मी रेघ बघतो."

"बसव गं त्याला खुर्चीत," स्वयंपाकघरातून रोझेला म्हणाली. "अर्ध्या तासात घोरायला लागेल. मी काय सोसते ते गावालाही कळू दे."

केंड्रा हसली, पण घोंगडी तिनं टेबलावरच ठेवली. दुसरी काठी धरणारा एल्रॉय वासिंगर तिथेच कॉफी पीत बसला होता. वाट त्यानं काढली. साखळीला एक चिमटा असतो. मैदानावर दर पाच यार्डांवर रेघ आखलेली असते. साखळी जिथे रेघ ओलांडते, तिथे तो लावतात. मापासाठी साखळी आत न्यायची झाली, की चिमटा पुन्हा त्याच रेघेवर ठेवायचा, म्हणजे माप हलत नाही. आजवर चिमटा काठीवालाच लावत असे.

"चिमट्याला वेगळा माणूस ठेवू," एल्रॉय म्हणाला. "लावला की तीन पावलं मागे. एवढं व्हर्जला जमेल. घोंगडी मी नेतो."

"एक सामना बघते," केंड्रा म्हणाली. "मग ठरवू."

तो सामना सप्टेंबरच्या पहिल्या शुक्रवारी झाला. खेळाडू दोनदा कडेबाहेर घरंगळत आले आणि दोन्ही वेळा व्हर्जिल आधीच मागे उभा होता. केंड्रा त्याच्याजवळच होती. दीड मिनिट उरलं तेव्हा आम्ही तीन गुणांनी मागे होतो. चौथ्या प्रयत्नात आमचा पोरगा दहा यार्डांच्या आसपास पडला. पंचांनी साखळी मागवली.

चिमटा रेघेच्या मागच्या कडेला ठेवायचा, हा रिवाज. पंचांनी तसाच ठेवला. एल्रॉयनं साखळी ताणली. चेंडू पुढच्या काठीच्या तीन बोटं पुढे निघाला. गावानं आरोळी ठोकली.

"थांबा," व्हर्जिल म्हणाला. "पुढची कड."

"काय?"

"तिकडे मैदानाच्या कडेला रेघेची मागची कड पायांनी पुसली गेलीय, साहेब. मी पुढच्या कडेला लावला होता."

"व्हर्ज," एल्रॉय दात आवळून म्हणाला, "तुला कुणी विचारलं का?"

रेघ चार इंच रुंद असते. पंचांनी चिमटा चार इंच पुढे सरकवला. चेंडू काठीच्या दोन बोटं मागे राहिला. चेंडू पाहुण्यांकडे गेला आणि सामनाही.

"लायकर, तुझे डोळे तपासून घे!" प्रेक्षकांतून कुणीतरी ओरडलं. त्याहून वाईटही बरंच ओरडलं गेलं.

सामन्यानंतर रोझेलाच्या टेबलावर कोबी आणि खिमा भरलेले बिरॉक उरले होते. एल्रॉय घोंगडी पांघरून फुगून बसला होता.

"तिसऱ्यांदा तुझं नाव घेतलं रे लोकांनी," रोझेला म्हणाली.

"या वेळी चूक नव्हती."

केंड्रा आली. घसा बसला होता तिचा.

"पुढच्या शुक्रवारी साडेसहाला," ती म्हणाली. "उशीर नको, मिस्टर लायकर."

"येतो," व्हर्जिल म्हणाला आणि दुसरा बिरॉक उचलला. "तेवढी ती मागची कड रंगवून घे."