ईदची टर्की

माझे मोठे दीर दुबईतल्या देऱ्यात एका इंग्रज साहेबाकडे खानसामा होते. दोघे भाऊ, आम्ही दोघी जावा आणि जावेच्या दोन लहान मुली, सगळे खाडीजवळच्या एकाच घरात राहायचो. हे धक्क्यावर गलबतांचा माल उतरवायचे. घर दिरांच्या नावावर भाड्याने होतं, आणि ते आम्हाला रोज ऐकवलं जायचं.

त्या वर्षी नाताळ रोज्यांत आला. साहेबाने जिवंत टर्की मागवून ठेवली होती, पण त्याला अचानक विलायतेला जावं लागलं. जाताना त्याने ती दिरांना देऊन टाकली. दिरांनी साहेबलोकांसाठी कितीतरी टर्क्या भाजल्या होत्या, पण त्या हलाल नसायच्या, म्हणून एकीचीही चव घेतली नव्हती. ही मात्र ईदला आपल्या हाताने कापायची होती.

ईदच्या सकाळी, नमाजाहून परतल्यावर, भावांनी तिला अंगणात धरलं. पक्षी कसला, बकरंच ते. तिने पंखाचा असा फटका मारला की ह्यांचा ओठ फुटला.

"बायकांसारखं काय धरतोस? दाब!" दीर हसत म्हणाले.

हे रक्त थुंकले. दिरांनी बिस्मिल्ला म्हणून सुरी फिरवली. गळा चिरल्यावरही ती तडफडत भिंतीपर्यंत गेली. माझ्या नव्या कपड्यांवर शिंतोडे उडाले.

पिसं काढून धुताना वाद लागला. "लोणी लावून अख्खी भाजतो, साहेबाच्या ओव्हनमध्ये. बंगल्याची चावी आहे माझ्याकडे," दीर म्हणाले.

"ते कोरडं ठाक मांस कोण खाणार? मसाला चोळून तेलात सोडू," हे म्हणाले. "ईद आपली आहे भाई, साहेबाची नाही."

"तुला काय कळतं रे, हमाला?"

ह्यांनी टर्की त्यांच्या हातातून हिसकावली. दिरांनी भाजायचा लोखंडी ट्रे उचलून ह्यांच्या कानावर हाणला.

"खलास, पुरे करा आता! पोरी बघतायत," जाऊ ओरडली. ती चुलीपाशी बसली होती. पुऱ्यांसाठी ठेवलेल्या मोठ्या कढईतलं तेल धुरावलं होतं. ह्यांनी ती नुकती धुतलेली, पोटात पाणी राहिलेली टर्की उचलली आणि दणकन कढईत टाकली.

स्फोट झाल्यासारखं तेल वर उसळलं. चुलीतल्या जाळावर सांडून ते पेटलं. जावेचा उजवा हात आणि मान भाजली. तिची किंकाळी मला अजून ऐकू येते. दिरांनी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्यांनी भावाचा गळा धरला, आणि ह्यांनी त्यांच्या पोटात गुडघा घातला.

तोवर मी दिरांसमोर कधी मान वर केली नव्हती. मी चुलीतलं जळतं लाकूड उपसलं आणि आधी दिरांच्या पाठीत घातलं, मग ह्यांच्या.

"बाई जळतेय आणि तुम्ही गळे धरताय!"

दोघे सुटे झाले. शेजारचा अरब वाळूच्या बादल्या घेऊन धावत आला. आग दबल्यावर त्याने जावेला जीपमध्ये घातलं. "यल्ला, यल्ला," अशी घाई करत आम्हाला इस्पितळात नेलं.

मी आठ दिवस तिच्या खाटेपाशी होते. दीर रोज यायचे आणि दारातच उभे राहायचे. एका दुपारी तिने विचारलं, "तू त्यांना मारलंस म्हणे?"

"हो, भाभी."

"जोरात?"

"जोरात."

"बरं केलंस," ती म्हणाली आणि कूस बदलायला गेली. दुखलं म्हणून तशीच पडून राहिली.

घरी आल्यावर मी कढईतली वाळू उपसली. टर्की बाहेरून कोळसा, आत कच्ची, आणि आता कुजलेली. मी ती वाळूत पुरली. महिनाभरात आम्ही दोघांनी दुसऱ्या गल्लीत खोली घेतली. जावेची तीन बोटं एकमेकांना चिकटलेलीच राहिली. ती डाव्या हाताने भाकरी थापायला शिकली.

पुढच्या ईदला हे तिच्या पायाशी जाऊन बसले आणि माफी मागितली. तिने ह्यांच्या डोक्यावर हात ठेवला. दीर शेजारीच होते. भाऊ भावाशी बोलला नाही.