मामीच्या बर्गरमधला खिमा

मामीला कुणी काही बोललं की माझं डोकं सटकतं, हे आधीच सांगते. आणि वर्षभर तिला सगळ्यात जास्त बोलला तो तिचा स्वतःचा नवरा, माझा मामा.

कारण आजोबा. त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी मटण कायमचं बंद केलं. आजोबांनी भाजीचं ताट भिंतीवर मारलं. "मी काय बैल आहे का?" मग खाणंच सोडलं. गालफडं बसली, पँट दोरीनं बांधायची वेळ आली. शेवटी एका संध्याकाळी मामीनं त्यांच्यापुढे बर्गर ठेवला. कवळीला सोसेल असा मऊ, खिम्याचा. चाटूनपुसून खाल्ला.

तेव्हापासून रोज तेच. मामी हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत चादरींना इस्त्री मारून यायची, हात धुवायची आणि स्वयंपाकघराचं दार लावून घ्यायची. "धूर होतो गं." पण वास बाहेर यायचाच. काळपट होईस्तोवर परतलेला कांदा, लसूण, मिरपूड. पॅटी तव्यावर टाकली की उलथन्यानं दाबायची नाही, एकदाच उलटायची, हा तिचा कायदा. बन आतून लोण्यात भाजलेला, वर आंबट काकडीच्या चकत्या. मी त्यांच्याकडेच राहते, त्यामुळे मीही तोच हाणायचे. घासफूस भरलेला बर्गर म्हणजे बर्गरचा अपमान, असं मी गल्लीभर सांगत फिरायचे.

मामाचा मात्र जळफळाट. "बाबांना मारशील तू एक दिवस! जीभ जिंकतेयस त्यांची, जीव घेतेयस!" मामी ढिम्म. तपासणीत डॉक्टर खूश झाले की मामा म्हणायचा, "नशीब बाबांचं." मी भांडायला उठले की मामी डोळ्यांनीच मला बसवायची.

मग आजोबांना लहर आली. कोपऱ्यावरच्या मटणवाल्याला हाताला धरून घरी आणलं. "बस रे. तुझ्या खिम्याची करामत तूही खा!"

मामीच्या हातातलं उलथनं पडलं.

"काका, कसला खिमा?" मटणवाला हसला. "तुमच्या ऑपरेशनपासून या घरात माझ्याकडचं हाडूकसुद्धा आलेलं नाही. मला वाटलं, सोडलंत."

"मग दुसऱ्याकडून आणत असेल," आजोबा म्हणाले.

"दुसरं दुकान आहेच कुठे इथे?"

माझ्या तोंडातला घास तोंडातच राहिला. आजोबांनी बर्गर खाली ठेवला. "काय आहे यात?"

इतका हळू आवाज त्यांचा मी कधी ऐकला नव्हता. मी उठून मामीच्या पुढे उभी राहिले. ताट आलंच तर माझ्यावर येऊ दे.

"राजमा," मामी माझ्या मागून म्हणाली. "शिजवून तव्यावर कोरडा केलेला. मशरूम, अक्रोडाचा चुरा. रंगाला बीट."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून, बाबा."

पहिल्या दिवसापासून! मी हातातल्या बर्गरकडे बघतच राहिले. मामा ओरडला, "मला तरी सांगायचंस!"

"तुमच्या तोंडात तीळ भिजत नाही," मामी म्हणाली. "तुम्हाला सांगितलं असतं, तर बाबा परत उपाशी बसले असते."

मटणवाल्यानं घाबरत एक घास घेतला. चावला. थांबला. "वहिनी, माझं दुकान बंद पाडाल हो."

कुणीच हसलं नाही. आजोबा उठले. "मला फसवलंस तू."

"हो."

"वर्षभर!"

"हो, बाबा. आता खायचं नसेल तर नका खाऊ. पण खोटं बोलून तुम्हाला जगवलं याचं मला वाईट वाटत नाही."

 आजोबा खुर्ची ओढून परत बसले आणि उरलेला बर्गर उचलला. "तुझ्यावर माझा काडीचा भरवसा नाही. उद्यापासून यात काय घालतेस ते मी स्वतः बघणार."

ज्या माणसानं जन्मात पाण्याचा पेलासुद्धा स्वतः भरून घेतला नाही, तो दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात स्टुलावर बसून उकडलेलं बीट सोलत होता. मनगटापर्यंत लालभडक, खाटकासारखा. तोंडानं शिव्या चालू. "खिमा म्हणे! लबाड कुठली!"

"साल जाड काढू नका, बाबा. वाया जातं."

मी दारात नुसती उभी. अजून सावरलेली नाही मी. मामा तर घरात चोरासारखा पाय न वाजवता चालतो. चालू दे.