दोन शेड उजळ

नेपरव्हिलच्या स्टेशनवर बर्फ भुरभुरत होता आणि मी तोंडाला पावडर थापून शिकागोच्या गाडीची वाट बघत उभी होते. चित्र काढून घ्यायचं म्हणजे पावडर लावायचीच, ही आमच्या मिरजेची पद्धत. शिवाय अबोली साडी. अबोलीने रंग उजळतो असं आईचं मत होतं, ते मी आजवर पाळत आले. "आधीच सावळी, त्यात काळं कशाला," म्हणून माझ्या वाट्याची चंद्रकळा (संक्रांतीला नेसायची काळी साडी) दरवर्षी नणंदेकडे जायची.

माझ्या साठीनिमित्त माझं पोर्ट्रेट करून घ्यायची कल्पना माझ्या मुलाची, नेपरव्हिलला राहणाऱ्या निखिलची. संक्रांतीला त्याच्या घरी हळदीकुंकू होतं, तेव्हा ते सगळ्यांना दाखवायचं. चित्रकर्तीला त्याने आधी माझा फोटो पाठवला होता. त्याच्या फोनला दिसेल त्या माणसाला गोरं करायची खोड आहे, त्यामुळे फोटोत मी थेट काश्मीरहून आल्यासारखी दिसत होते.

चित्रकर्तीचं नाव इफुआ. घानामधल्या कुमासीची, उंच, चाळिशीतली. शिकागोतल्या एका जुन्या गोदामात वर तिचा स्टुडिओ आणि खाली गॅलरी. गॅलरीत तिने रंगवलेले शिंपी, भाजीवाल्या, मावश्या. सगळे चेहरे काळेभोर आणि तुकतुकीत. बघणारी मंडळी मात्र चित्रापेक्षा शेजारची माहितीची चिठ्ठीच जास्त वेळ वाचत होती आणि मग एकमेकांकडे बघून गंभीरपणे मान हलवत होती. मृत्युपत्राचं वाचन चाललंय असं वाटावं.

इफुआने मला बघितलं, फोनमधला फोटो बघितला, पुन्हा मला बघितलं.

"ही तुमची बहीण का?" तिने इंग्रजीत विचारलं. "आणि तोंडावर हे काय?"

"पावडर."

"माझी आईपण लावायची. तिकडे गरम पाणी आहे, धुऊन या."

मी धुऊन आले. परक्या बाईसमोर बिनपावडरची बसताना मला फार अवघडल्यासारखं झालं.

पुढचे काही शनिवार मी तिथे जात राहिले. इफुआ डोळ्यांपासून सुरुवात करत नाही, गालापासून करते. काळ्या रंगाची तयार ट्यूब ती वापरत नाही. निळा, विटकरी, तपकिरी असं काय काय मिसळून पुठ्ठ्यावर ठिपका द्यायचा आणि तो माझ्या गालाशी धरून बघायचा. जमला नाही की पुन्हा मिसळायचा. साडीवर ब्लाउजपीस जुळवताना आपण दुकानदाराला छळतो, तसं ती स्वतःला छळत होती.

दुपारी ती जोलोफ (टोमॅटोत शिजवलेला तिखट भात) वाढायची, मी थालीपीठ न्यायचे. खाताना तिने सांगितलं, तिचे वडील कुमासीत केशकर्तनालयांचे बोर्ड रंगवायचे.

"गिऱ्हाईक म्हणायचं, बोर्डावरची बाई थोडी गोरी कर. वडील करायचे. पांढरा मिसळायचं काम माझं."

"आणि इथे?"

"इथे म्हणतात, थोडं दुःख घाल." तिने दाराजवळच्या चित्राकडे बोट दाखवलं. एक जाडजूड बाई मनापासून हसत होती. "माझी मावशी. अजून विकली गेली नाही. दुःखी मावश्या लगेच जातात."

शेवटच्या शनिवारी निखिल आला. चित्रासमोर बराच वेळ उभा राहिला.

"मस्त आलंय, आई. पण जरा डार्क वाटतंय ना? मंडळाचे सगळे येणार आहेत. थोडं ॲडजस्ट होतं का विचारतो." आणि इफुआला त्याने, अगदी नम्रपणे, दोन शेड उजळ करायला सांगितलं.

"करता येईल," इफुआ ब्रश पुसत म्हणाली. "लहानपणापासूनचा हात आहे. पण मग ती दुसऱ्या कुणाची तरी आई होईल. चेहरा यांचा आहे, यांना विचार."

दोघांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या रंगाबद्दल आजवर आईने, स्थळं आणणाऱ्या मावशीने, सासूबाईंनी, मिरजेच्या फोटोग्राफरने मत दिलं होतं. मला कुणी विचारलंच नव्हतं. मला आधी राग आला आणि मग रडू आलं. चित्रातल्या बाईच्या गालावर निळसर झाक होती आणि ती स्वतःवर खूश दिसत होती. मला ती आवडली.

"नो व्हाइट," मी इफुआला म्हणाले. मग निखिलला मराठीत सांगितलं, "एक ठिपकासुद्धा नको."

हळदीकुंकवाला समस्त महिला काळ्या साड्यांत आल्या आणि "ब्लॅक कसला भारी दिसतोय यार" असं एकमेकींना सांगून चित्रापुढे थांबल्या. "काकू, नाकीडोळी किती नीटस आलंय," एक म्हणाली. दुसरीही तेच म्हणाली. नाक आणि डोळे सोडून बाकीचाही चेहरा कॅनव्हासवर आहे, हे कुणाच्या लक्षात आल्याचं दिसलं नाही. मी मात्र सुनेकडून मागून घेतलेली काळी साडी नेसून मिरवत होते.

मिरजेला परतल्यावर ते चित्र हॉलमध्ये लावलं, आमच्या लग्नाच्या फोटोशेजारी. त्या फोटोत स्टुडिओवाल्याने ब्रश फिरवून मला दुधासारखी केली आहे. इतकी वर्षं मी तो रोज पुसते. व्हिडिओ कॉलवर नातीला, रियाला, भिंत दाखवली.

"आजी, यू लुक सो नाइस," ती म्हणाली. मग स्क्रीनजवळ आली. "पण फोटोत आबांच्या बाजूला ती लेडी कोण आहे?"

आबा म्हणजे आमचे हे. त्यांनी पेपर खाली ठेवला आणि लग्नाच्या फोटोकडे बघितलं. "काढू का खाली?" त्यांनी मला हळूच विचारलं.

"राहू द्या," मी म्हणाले. "बिचारीला जायला दुसरं घर नाही."