तिच्या चुलीवर काढलेला पिक्चर

आमच्याकडे मोबाईलवर जे खुनाचे पिक्चर फिरतात, त्यांत खून कोणी केला हे ओळखायला दोन मिनिटे लागत नाहीत. जी बाई आरशासमोर उभी राहून ओठांना लाल लावते, ती. नवरा साधाभोळा, बनियनवर, तिच्यावर जीव टाकणारा. ती खिडकीतून कोणाला तरी खुणा करते, दुधाच्या ग्लासात चमचा फिरवते आणि कॅमेऱ्याकडे पाहून हसते. मग इन्स्पेक्टर येतो. त्याचा गणवेश कोणाकडून तरी मागून आणलेला असतो आणि पोटावर बसत नाही. शेवटी बाईला बेड्या, आणि अक्षरे येतात : सत्य घटनेवर आधारित. त्याच्याखाली बारीक : सर्व पात्रे काल्पनिक आहेत. दोन्ही एकाच पाटीवर, आणि कोणाला काही वावगे वाटत नाही.

धानाच्या रोवण्याच्या, म्हणजे लावणीच्या, दिवसांत दुपारी बांधीच्या, म्हणजे भातखाचराच्या, धुऱ्यावर बसून बायाच हे पिक्चर बघतात. एकीच्या मोबाईलभोवती सहाजणी, कोपरापर्यंत चिखल. "पाह्य सटवीले, कशी नटून राहिली." नवरा मेला की हळहळतात, बेड्या पडल्या की हात धुऊन पुन्हा कामाला लागतात.

अशा एका पिक्चरचे संवाद मी लिहिले आहेत. हे आधीच सांगून टाकलेले बरे. पिक्चरचे नाव मात्र सांगणार नाही, त्याचे कारण पुढे येईल.

मी बायांच्या एका संघटनेत काम करते. पत्रके लिहिणे हे माझे मुख्य काम. फुलचूरला लग्नाची शूटिंग करणारा एकजण आमच्या मोर्च्यांचे व्हिडिओ काढून द्यायचा. लग्नाचा सीझन उतरला की तो पिक्चर काढायचा आणि आपल्या चॅनेलवर टाकायचा. एकदा म्हणाला, "दीदी, तुमचं पत्रक एकदम सटासट असतं. माझे डायलॉग लिहा ना. तुमचा मेसेज टाका त्यात, पब्लिक देखेगी." मेसेज म्हटल्यावर मी भुलले. त्या वर्षी आमची मोहीम होती, घराच्या उताऱ्यावर नवऱ्यासोबत बायकोचेही नाव लागले पाहिजे. त्याच्या गोष्टीत दोन जावा होत्या, एक चांगली, एक कातील. कातील जाऊ नवऱ्याला विहिरीत ढकलते. चांगल्या जावेच्या तोंडी मी आमच्या पत्रकातलेच वाक्य घातले : घर मीही बांधले आहे, माझ्याही डोक्यावरून विटा गेल्या आहेत, माझे नाव पाहिजे.

मग त्याला घर हवे होते. "मातीचं नको, बंगलाही नको. सिंपल फॅमिली वाटली पाहिजे." घर मी दाखवले.

गोरेगाव तालुक्यातल्या एका गावातले ते घर. निळा दरवाजा, पुढे छोटी पडवी, मागे स्वयंपाकाची खोली. घरची बाई माझ्याहून दहा वर्षांनी मोठी, पण संघटनेची म्हणून मला ताई म्हणायची. मी तिला वहिनी म्हणायचे. तिच्या गावात उताऱ्यावर नाव लावून घेणारी ती पहिली. नवरा स्वतः आमच्यासोबत ग्रामपंचायतीत आला होता, सही करून म्हणाला होता, "आता मले हाकलून देजो नको बापा घरातून." सगळे हसले होते, तीही. त्यानंतर दोन महिन्यांनी धानावर फवारणी करताना तो बांधीतच कोसळला. तोंडाला फडके नाही, हातात मोजे नाहीत, वारा समोरचा. दवाखान्यात पोचेपर्यंत ओकून ओकून गेला. डॉक्टरांनी कागदावर तेच लिहिले, फवारणीची विषबाधा. पदरात सात वर्षांची मुलगी. त्यानंतर वहिनी गावच्या शाळेत पोरांची खिचडी शिजवायला लागली. ते काम होते म्हणून ती उभी होती.

शूटिंग उन्हाळ्यात झाले. कातील बाईचे काम करणारी नाटकातली होती, दिवाळीनंतर मंडईच्या, म्हणजे गावजत्रांच्या, दिवसांत गावोगाव प्रयोग करणारी. स्वभावाने मोकळी. आल्या आल्या वहिनीसोबत लसूण सोलायला बसली. तिची कपड्यांची बॅग एसटीतच राहून गेली, तेव्हा वहिनीने आपली हिरवी साडी काढून दिली. "तुम्हालेच शोभते माय," म्हणाली. चांगल्या जावेचे काम करणारी आलीच नाही. तिच्या सासऱ्याने आयत्या वेळी पाठवले नाही. आणि विहिरीच्या मालकाने विहिरीजवळ उभे राहू दिले नाही. प्यायच्या पाण्यात मेलेल्या माणसाचा खेळ नको, असे त्याचे म्हणणे, आणि ते बरोबरच होते.

शूटिंगवाला पडवीत बसला आणि पाच मिनिटांत निकाल लावला. "विहीर कॅन्सल. किचनमध्येच जहर देऊ. आणि दीदी, ती जाऊ कट, पण तिची घरावाली लाईन मस्त आहे. ती हिलाच देऊ. फालतूत कायले वाया घालवता?"

मी काय केले? पत्रकाच्या कोऱ्या बाजूवर तिथल्या तिथे नवा प्रसंग लिहून दिला. कातील बाई भाजीत फवारणीचे औषध कालवते आणि म्हणते, घर मीही बांधले आहे, माझे नाव पाहिजे. ज्या घरातला माणूस फवारणीने गेला त्या घरात बसून मी हे लिहिले. डोक्यात आले नाही असे नाही. आले. पण माणसे खोळंबली होती, ऊन उतरत चालले होते, आणि माझी लाईन वाचली याचा मला आनंद झाला होता.

वहिनी तेव्हा अंगणात सगळ्यांसाठी चहा करत होती. आवाज रेकॉर्ड होतो म्हणून तिला आत येऊ देत नव्हते. तिने मला हळूच विचारले, "कायचा पिक्चर आहे, ताई?"

"घरगुती आहे," मी म्हटले.

पिक्चर चॅनेलवर आला तेव्हा रोवणे चालू होते. गावाने निळा दरवाजा ओळखला, हिरवी साडी ओळखली, चूल ओळखली. पहिले दोन दिवस गंमतच होती. "तुह्या घराचा हिरो झाला वो," म्हणून बाया वहिनीला चिडवत होत्या. तिसऱ्या दिवशी धुऱ्यावर कोणीतरी म्हणाले, "पण तिचा नवराही तसाच ओकून मेला ना?" दुसरी म्हणाली, "आन् घर नावावर केल्यावरच मेला." बस. एवढेच. मी त्या दिवशी तिथे नव्हते, पण ज्या बाईने मला हे सांगितले तीच ते बोलली असावी असा मला संशय आहे.

आठवड्याभरात अर्धी पोरे घरून डबा आणू लागली. शाळेत एक पद्धत असते. खिचडी पोरांना वाढायच्या आधी एका आईने आणि एका गुरुजींनी चाखून बघायची आणि चवीच्या वहीत सही करायची. आयांच्या पाळ्या लावलेल्या असतात. आधी आया आनंदाने यायच्या, चाखता चाखता वाटीभर खाऊन जायच्या. आता एकही येईना. कोणाचा उपास, कोणाचे डोके दुखते. मुख्याध्यापक वाईट माणूस नव्हे, पण घाबरट. ते न चाखताच सही करू लागले. मी विचारले तर म्हणाले, "मला ॲसिडिटी आहे हो, डाळ चालत नाही."

मग मी रोज जाऊ लागले. पातेल्यातून वाटी भरून घ्यायचे, पोरांसमोर बसून संपवायचे. चार दिवसांनी मुख्याध्यापकांनी वही माझ्यापासून सरकवली. "मॅडम, तुम्ही पालक नाही. तुमची सही चालत नाही." वहिनी झारा हातात घेऊन उभी होती. म्हणाली, "राहू द्या ताई. पोट भरते तुमचं, वही नाही भरत."

फुलचूरला गेले. शूटिंगवाला कोणाच्या तरी वास्तुपूजेचा व्हिडिओ जोडत बसला होता. मी म्हटले, पिक्चर काढून टाक. म्हणाला, "दीदी, आत्ताच तर व्ह्यू चढून राहिले. आन् काल्पनिक लिहिलं आहे ना शेवटी."

"तिचा दरवाजा काल्पनिक आहे का?"

"दरवाजा तुम्हीच दाखवला," तो म्हणाला. रागाने नव्हे. मला खुर्ची दिली, पाणी दिले. त्या मुलाला आजही आपण कोणाचे वाईट केले असे वाटत नाही. लग्नात तो रडणाऱ्या नवरीचे डोळे जवळून घेतो, तसेच हे.

मग मी मला जे येते ते केले. पत्रक काढले. आम्हाला शिकवलेले आहे : चालत्या माणसाने थांबले पाहिजे, म्हणून वरची ओळ मोठी, आणि आत खरपूस समाचार. मी वर ठळक ओळ टाकली, "शाळेच्या खिचडीत विष?" आणि खाली सगळे मुद्देसूद लिहिले. डॉक्टरांचा कागद, फवारणीवाल्यांना मोजे न देणारे दुकानदार, बाईला कातील ठरवून गल्ला भरणारे पिक्चर. त्या पिक्चरचे नावही लिहिले. गावाचे नाव लिहिले. वहिनीचे नाव नाही लिहिले, फार काळजी घेतली अशा समजुतीत होते. गुलाबी कागदावर छापून गोरेगावच्या आठवडी बाजारात स्वतः वाटले.

वाळलेली मासोळी विकणारी एक म्हातारी होती. तिला वाचता येत नव्हते. शेजारच्या पोरीने तिला वरची ओळ वाचून दाखवली. म्हातारीने मला विचारले, "कोणी जहर देलन वो पोराईले?"

"कोणीच नाही, आजी. तेच लिहिलं आहे खाली."

"मंग कायले छापलं?"

मी तिला समजावत बसले, तोवर तिने त्याच कागदात कोणाला तरी मासोळी बांधून दिली. त्या दिवशी बाजारातून किती घरी ती गुलाबी ओळ गेली, चिवड्यासोबत, मिरच्यांसोबत, मला माहीत नाही. ज्या गावांनी पिक्चर पाहिला नव्हता त्यांना त्याचे नाव मी दिले.

पुढच्या आठवड्यात शाळा समितीची बैठक लागली. समितीचा अध्यक्ष म्हणजे वहिनीचा दीर. त्याचा मुलगाही त्याच शाळेत. त्याचा घरावर डोळा होता आणि त्याने डाव रचला, असे मी लिहू शकले असते, तसे पत्रक चांगले झाले असते. पण ते खरे नाही. त्याला डाव रचायची गरजच पडली नाही. तो नुसता बसून होता आणि सगळे त्याच्याकडे चालत आले. त्याने खिशातून घडी केलेला गुलाबी कागद काढून टेबलावर ठेवला.

"मी काही म्हणत नाही," तो म्हणाला. "वहिनी आमचीच आहे. पण आता हे छापून आलं आहे. उद्या एखाद्या पोराचं पोट दुखलं तर कोण जबाबदार?"

मी उठून म्हटले, "खालचं वाचा. ते मीच लिहिलं आहे."

"वाचलं," एक आई म्हणाली, माझ्याकडे न बघता. "काही नसतं तर तुम्ही एवढं कायले लिहिलं असतं?"

वहिनी दाराशी उभी होती. तिने कोणाला विचारले नाही. पातेल्यातली खिचडी ताटात घेतली, खाली बसली आणि सगळी खाल्ली. सावकाश, शेवटच्या शितापर्यंत. माणसे खिडकीबाहेर बघत होती, मुख्याध्यापक वही चाळत होते. ताट धुऊन तिने पालथे घातले, झारा त्यावर ठेवला आणि गेली. दुसऱ्या दिवसापासून स्वयंपाकाला दुसरी बाई आली. पोरांचे डबे बंद झाले.

दसऱ्याच्या सुमारास वहिनीने निरोप पाठवून मला बोलावले. मला वाटले, भांडेल. भांडली असती तर बरे झाले असते. तिने कोरा कागद पुढे ठेवला. "एक अर्ज लिहून द्या, ताई. तुमचं लिहिणं चांगलं आहे."

"कशाचा?"

"घरावरून माझं नाव काढायचा. दिराच्या नावानं करा."

मी तिला कायदा सांगितला, मुलीचा हक्क सांगितला, लढू म्हणाले, तालुक्याला जाऊ म्हणाले. तिने सगळे ऐकून घेतले.

"घरासाठी मारलन म्हणतात ना," ती म्हणाली. "घरच नसलं तर कायसाठी मारलन म्हणतीन? पोरगीले शाळेत त्या पिक्चरच्याच नावानं चिडवून राहिले. तिले अजून दहा वर्षं याच गावात काढायची आहेत."

"मग पोरीच्या नावावर करू."

"मंग उद्या तिले म्हणतीन."

मी दोनदा नाही म्हटले. तिसऱ्यांदा तिने विचारले नाही, मुलीच्या वहीतला पेन आणून माझ्या हातात दिला. मी लिहिले. चार ओळी. त्यात एक शब्द तिने घालायला लावला, 'स्वखुशीने'. हा शब्द दिराने सांगितला की तिचा तिला सुचला, हे मी विचारले नाही. मोहिमेच्या वेळी ती गिरवून गिरवून सही शिकली होती. तीच सही तिने खाली केली, एकेक अक्षर सोडवत.

मग तिने चहा केला. तीच चूल, जी त्या पिक्चरात अजूनही कोणीतरी कुठेतरी बघत असेल. कप माझ्या हातात दिला आणि समोर बसली. मी बोलत होते, काहीतरी, अपिलाबद्दल. ती ऐकत नव्हती. तिचे डोळे कपावर होते. आता ती सगळ्यांसोबत असेच करते. चहा दिला की समोरचा कप तळापर्यंत रिकामा होईस्तोवर तिची नजर हलत नाही.

मी सगळा प्याले. तिने कप घेतला, आत पाहिले आणि धुवायला नेला.